आप्रवासी, अप्रवासी की स्थलांतरित?

प्रश्न असा आहे: अठराव्या शतकातले अमेरिकी राजकारणी अल्बर्ट गॅलटिन यांच्याबद्दल एका मजकुरात 'हे स्विस अप्रवासी तीन टर्म पेनसिल्व्हेनियाचे आमदार होते, पुढे सिनेटमधून त्यांची हकालपट्टी झाली' असं वाक्य आहे. 'अप्रवासी' बरोबर की 'स्थलांतरित'? आणि तिथल्या माणसाला 'आमदार' म्हणावं का?

'अप्रवासी'त एक काना राहिलाय. हवा तो 'आप्रवासी'. यातला 'आ' म्हणजे आगमन, आयात यांतला, इकडे येण्याचा. देश सोडून जाणारा तो उत्प्रवासी. मराठीत प्रवास म्हटला की एसटीचं तिकीट आठवतं, त्यामुळे 'अप्रवासी' वाचून कधी घराबाहेर न पडलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. संस्कृतात मात्र प्रवास म्हणजे घरापासून दूर राहणं, आणि 'आप्रवासी'त तोच अर्थ आहे. काना गाळलेलं रूप बहुधा हिंदीतल्या 'अप्रवासी भारतीय'वरून येतं. आपण तिथे 'अनिवासी भारतीय' म्हणतो.

'स्थलांतरित' चुकीचा नाही, पण ढोबळ आहे. बीडहून कोल्हापूरला जाणारा ऊसतोड कामगार स्थलांतरित, फ्लेमिंगोही स्थलांतरित. देशाची सीमा ओलांडून कायमचं राहायला येणं त्यात दिसत नाही. 'निर्वासित' तर नकोच. गॅलटिन 1780 साली जिनिव्हाहून आपणहून निघाले, तेव्हा ते 19 वर्षांचे होते. ओघात 'स्विस'ही तपासा: जिनिव्हा तेव्हा स्वतंत्र प्रजासत्ताक होतं, स्वित्झर्लंडमध्ये आलं ते 1815 साली. 'जिनिव्हाचे' लिहिलं की वाद मिटला.

'आमदार' चालेल. राज्याचा तो आमदार, केंद्राचा तो खासदार ही आपली वाटणी तिथेही लागू पडते. पेनसिल्व्हेनियाच्या 1776च्या संविधानात कायदेमंडळाचं एकच सभागृह होतं. 1790च्या संविधानाने दोन केली. गॅलटिन त्या संविधान परिषदेतही होते. मग 1790, 1791 आणि 1792 असे लागोपाठ तीनदा ते फायेट काउंटीतून कनिष्ठ सभागृहात निवडून आले. त्या सभागृहाला विधानसभा म्हणा, दोन्ही मिळून विधिमंडळ.

घोळ आहे तो 'टर्म'मध्ये. निवडणूक दरवर्षी व्हायची. आपल्या वाचकाला तीन टर्म म्हणजे पंधरा वर्षं वाटतील. 'लागोपाठ तीन वर्षं निवडून आले' असं लिहा.

'सिनेट'लाही विशेषण जोडा, कारण 1790नंतर राज्याचंही वेगळं सिनेट होतं आणि गॅलटिन त्यात कधी नव्हते. त्यांना फेब्रुवारी 1793मध्ये राज्याच्या विधिमंडळाने अमेरिकेच्या सिनेटवर पाठवलं. तेव्हा पद्धतच तशी होती. 1913च्या 17व्या घटनादुरुस्तीनंतर तिथे लोकांचं थेट मतदान आलं. आपल्याकडे राज्यसभेसाठी आमदार मतदान करतात, त्याच घरातली ही गोष्ट.

आता 'हकालपट्टी'. हा शब्द काढूनच टाका. सिनेटरसाठी 9 वर्षांचं नागरिकत्व लागतं. गॅलटिन देशात राहून 13 वर्षं झाली होती, पण निष्ठेची शपथ त्यांनी व्हर्जिनियात ऑक्टोबर 1785मध्ये घेतली होती. तिथून मोजलं तर त्यांनी सिनेटमध्ये जागा घेतली त्या डिसेंबर 1793पर्यंत आठ वर्षं आणि वर दोनेक महिने. 28 फेब्रुवारी 1794 रोजी सिनेटने 14 विरुद्ध 12 मतांनी त्यांची निवड अवैध ठरवली. हकालपट्टीला दोन तृतीयांश मतं लागतात. 26 जणांच्या मतदानात ती 18 झाली असती, 14 नव्हे. म्हणजे 'निवड रद्द झाली' हेच खरं. 'बडतर्फ' हा नोकराचा शब्द, तोही इथे बसत नाही.

अशी रद्द होण्याची वेळ त्यांच्यावर पुन्हा आली, पण कारण वेगळं होतं. दारूवरच्या कराविरुद्ध पश्चिम पेनसिल्व्हेनियात झालेल्या बंडामुळे विधिमंडळाने जानेवारी 1795मध्ये त्या भागातल्या 1794च्या निवडणुकाच रद्द केल्या. फेरनिवडणुकीत गॅलटिन परत निवडून आले. इथे 'निवडणूक रद्द', तिथे 'निवड रद्द'. दोन अक्षरांच्या फरकात अख्खा मतदारसंघ येतो की एकच माणूस, ते ठरतं.

तुमचं वाक्य असं करता येईल: 'जिनिव्हाहून आलेले आप्रवासी अल्बर्ट गॅलटिन 1790पासून लागोपाठ तीन वर्षं पेनसिल्व्हेनियाच्या विधानसभेवर निवडून आले. अमेरिकी सिनेटवरची त्यांची निवड मात्र नागरिकत्वाची 9 वर्षं न भरल्यामुळे 1794 साली रद्द झाली.'