बिस्क झालेल्या वाडग्याची चीर आणि मगाचा तुटलेला कान

बिस्क झालेल्या, म्हणजे ग्लेझचा काचेसारखा लेप देण्याआधी एकदा भाजलेल्या, वाडग्याच्या काठाची चीर स्लिपने (पाण्यात पातळ कालवलेल्या मातीने) भरली, ती वाळताच सुटली, आणि मगाचा तुटलेला कान कसा जोडायचा, असं तुम्ही विचारलंय.

स्लिप सुटणारच. ओली माती वाळताना साधारण ५ ते ८ टक्के आकसते, भाजलेल्या भांड्याचं ते आकसणं आधीच होऊन गेलेलं असतं. म्हणून भरणात भाजलेलीच माती जास्त हवी. त्याच मातीचा बिस्क तुकडा खलबत्त्यात कुटून ८० मेशच्या (इंचाला ८० छिद्रं असलेल्या) बारीक चाळणीने चाळा. मास्क लावूनच, ही सिलिकाची धूळ फुप्फुसांना घातक असते. ही पूड ३ भाग, तीच माती सुकी आणि चाळलेली १ भाग. सोडियम सिलिकेटमध्ये (डिंकासारखा चिकट द्रव) तेवढंच पाणी मिसळून ते या मिश्रणात थेंबाथेंबाने घालत कालवा, टूथपेस्टइतकं घट्ट. हातमोजे घाला. सिलिकेट जास्त पडलं तर भट्टीत भरण वितळून काचेसारखं होतं. आजूबाजूला लागलं तर छिद्रं बुजतात आणि तिथे ग्लेझ धरत नाही, तेव्हा लगेच ओल्या स्पंजने पुसा.

त्याआधी चीर कुठवर गेलीय ते पाहा. वाडग्यावर ओला स्पंज फिरवून थांबा. बाकीचं अंग फिकं पडतं तरी चिरेची रेघ काळसर राहते, आणि बहुतेकदा ती नुसत्या डोळ्यांना दिसत होती त्याच्या पुढे गेलेली असते. सुईने चीर थोडी रुंद करा, धूळ काढा, कडा ओल्या करा. कोरडं बिस्क भरणातलं पाणी लगेच शोषतं आणि आत नुसती पूड उरते. भरण दाबून भरा, पूर्ण वाळू द्या, मग १००० अंश सेल्सियसला पुन्हा बिस्क करा आणि परत स्पंज फिरवून तपासा.

तरीही काठापासून खाली गेलेली चीर असलेला वाडगा मी जेवणासाठी वापरणार नाही. तो ताण वाळतानाच मातीत बसलेला असतो. स्टोनवेअर (जास्त तापमानाला भाजायची घट्ट माती) ग्लेझच्या भाजणीत पुन्हा आकसतं, तेव्हा तीच चीर परत उघडू शकते. टवका उडाला असेल किंवा बुडाला उथळ चीर असेल, तर हे भरण बरंच टिकतं.

कान मात्र बिस्कवर चिकटवू नका. वजन पेलणारा सांधा या भरणाने धरत नाही. तुटलेल्या दोन्ही तोंडांना मेण लावून कान आणि मग वेगवेगळे ग्लेझ करून भाजा, नंतर दोन घटकांच्या इपॉक्सी गोंदाने जोडून २४ तास हलवू नका. भट्टीआधी इपॉक्सी लावलं तर जळून जातं. असा मग पेनं ठेवायला घ्या. गरम चहा त्यात ओतू नका, कान हातात राहून मग खाली पडू शकतो.