वाचकांचे प्रश्न : डिंकाची फळी का वाकते?

प्रश्न : एपॉक्सी या दोन घटक मिसळून घट्ट होणाऱ्या कृत्रिम राळेऐवजी गवार गमच्या (गवारीच्या बियांच्या डिंकाच्या) दाट खळीने ज्यूट कापडाचे पाच थर चिकटवून साच्यात दाबले. वाळल्यावर फळी पन्हाळीसारखी वाकली, कडांचे थर सुटले आणि आठवड्यात काळे ठिपके आले. काय चुकले?

उत्तर : चूक हाताची नाही, हिशेबाची आहे. एपॉक्सी घट्ट होते तेव्हा त्यातून जवळपास काहीच उडून जात नाही. डिंकातले पाणी मात्र बाहेर पडावेच लागते. फळीत ६० टक्के ज्यूट आणि ४० टक्के कोरडा डिंक हवा असेल, तर १०० ग्रॅम कापडाला सुमारे ६७ ग्रॅम डिंक लागतो. गवार गम पाण्यात दोन टक्के असला तरीच खळीसारखा दाटतो. म्हणजे ६७ ग्रॅमसोबत सव्वातीन लिटर पाणी! एवढे कापडात मावणारच नाही. डिंक कमी पडला, म्हणून थर सुटले. वरची बाजू आधी सुकून आकसली, म्हणून फळी वाकली. आत कोंडलेल्या ओलीवर बुरशी पोसली.

गम अरेबिक, म्हणजे बाभळीच्या कुळातल्या झाडाचा डिंक घ्या. तो ४० टक्क्यांनाही ब्रशने लावता येतो आणि ६७ ग्रॅमना १०० ग्रॅम पाणी पुरते. कोमट पाण्यात रात्रभर भिजवून फडक्यातून गाळा. नुसता डिंक वाळून काचेसारखा तडकतो, म्हणून त्याच्या वजनाच्या १० टक्के ग्लिसरीन घाला. जास्त घातलेत तर फळी मऊ पडेल, हवेतली ओलही ओढेल.

थर एकावर एक ओले रचू नका. प्रत्येक कापड वेगळे माखून जाळीवर दोन्ही बाजूंनी वाळवा. बोटाला चिकटत नाही पण वाकवल्यावर मोडतही नाही, इतपतच. मग पाण्याचा हलका फवारा मारून थर रचा आणि तापवता येणाऱ्या प्रेसमध्ये (दाबयंत्रात) ११० ते १२० अंश सेल्सिअसला दाबा. वाफ निघायला खाली-वर बारीक जाळी हवीच. ६० अंशांखाली उतरेपर्यंत प्रेस उघडायचा नाही. घाई केली की आतली वाफ थर फुगवते. बहुतेक फळ्या इथेच बिघडतात.

प्रश्न : डिंकात बोरॅक्स (टाकणखार) किंवा सायट्रिक आम्ल घातले तर फळी पाण्यात टिकेल का? दोन्ही एकत्र चालतील?

उत्तर : एकत्र नको. बोरॅक्स गवार गमचे रेणू एकमेकांना बांधतो आणि त्याची जेली होते, ती अल्कली (आम्लाच्या उलट गुणाच्या) माध्यमात. आम्ल ते बंध सोडवते. शिवाय हे बंध पक्के नसतात, त्यामुळे जलरोधासाठी बोरॅक्सचा भरवसा नाही.

सायट्रिक आम्ल डिंकाच्या १० टक्के घालून १५० अंशांना दहा-पंधरा मिनिटे तापवले, तर फळी कमी फुगते. ज्यूट थोडे तपकिरी होते, तेवढे चालवून घ्या. तरीही सतत ओल लागणाऱ्या जागी किंवा भार पेलायला ही फळी वापरू नका. ती आतल्या कोरड्या जागेसाठीच, आतले आवरण किंवा खोक्याची बाजू म्हणून ठीक.

प्रश्न : मग लाखेचा लेप दिला तर?

उत्तर : द्या. लाख ही राळ आहे, डिंक नव्हे. डिंक पाण्यात विरघळतो, लाख अल्कोहोलमध्ये. २० टक्के द्रावणाचे दोन-तीन हात द्या, पण आधी कापलेल्या कडांना, कारण उघड्या तंतूंच्या टोकांतूनच पाणी आत शिरते. लाख ७० ते ८० अंशांना मऊ पडते, तेव्हा लेप शेवटी, दाबण्याचे काम आटोपल्यावर. वाळेपर्यंत जवळपास ज्योत नको.