इंटरव्ह्यूत आमची उत्तरं जुळली नाहीत तर?

"आमचं लग्न ठरवून झालंय, जेमतेम वर्ष झालंय, अधूनमधून भांडणंही होतात. ग्रीन कार्डाच्या इंटरव्ह्यूत दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर लग्न खोटं ठरेल का?" अमेरिकेतल्या मराठी जोडप्यांकडून हा प्रश्न मला वारंवार येतो. मुग्धा आणि निखिलच्या गोष्टीतून त्याचं उत्तर देते. नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

मुग्धा कोल्हापूरची, एमएस करायला न्यू जर्सीला गेलेली. निखिल तिथेच लहानाचा मोठा झाला, अमेरिकन नागरिक. मॅट्रिमोनी साइटवर ओळख, मग घरच्यांची बोलणी, एडिसनमध्ये लग्न. नेवार्कच्या यूएससीआयएस, म्हणजे ग्रीन कार्डाचे अर्ज तपासणाऱ्या सरकारी खात्याच्या, कार्यालयातून इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं आणि मुग्धाची झोप उडाली. माझ्याकडच्या समुपदेशनाच्या ऑनलाइन सेशनला ती वही घेऊनच बसली. टूथब्रशचा रंग, पलंगाची कुठली बाजू कोणाची, सासूबाईंचा वाढदिवस, असं पानंच्या पानं लिहिलेलं. रोज रात्री जेवणं झाली की ती निखिलची उजळणी घ्यायची. तो चुकला की ती रडायची आणि ती रडली की तो लॅपटॉप उघडून बसायचा.

मी आधी ती उजळणी बंद करायला सांगितली. पाठ केलेली उत्तरं एकाच चालीत, एकाच शब्दांत येतात आणि ती लगेच कानाला खटकतात. आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हणावं, माहीत नसेल तर "माहीत नाही". खऱ्या संसारात नवऱ्याला पडद्यांचा रंग सांगता येत नाही, हे त्या टेबलापलीकडच्या माणसालाही ठाऊक असतं. ठरवून केलेल्या लग्नाचंही त्याला नवल नसतं. त्याला पाहायचं असतं ते एवढंच, की लग्न करताना दोघांच्या मनात एकत्र संसार करायचं होतं का. १९७५ च्या 'बार्क' खटल्यात तिथल्या अपील न्यायालयानं हाच निकष लावला होता. त्यातलं जोडपं भांडून वेगळंही झालं होतं, तरी नुसतं वेगळं होणं म्हणजे लग्न खोटं, असं न्यायालयानं मानलं नाही. भांडणांनी घाबरलेल्या जोडप्यांना मी हे आवर्जून सांगते.

एवढं सगळं ऐकूनही मुग्धाचा चेहरा तसाच. मग मी वहीत अजून काय आहे ते विचारलं. एका पानावर फक्त "आधीचं" एवढंच लिहिलं होतं, खाली काही नाही.

निखिलचं हे दुसरं लग्न. पहिलं काही महिन्यांतच मोडलेलं. मुग्धाला ते स्थळ आलं तेव्हापासून माहीत होतं. अर्जात आधीच्या लग्नाची नोंद करावी लागते आणि घटस्फोटाचा निकाल जोडावा लागतो, तो कागदही तिनं पाहिला होता. पण नवऱ्याला तिनं एका शब्दानं विचारलं नव्हतं. आई म्हणाली होती, "झालं गेलं, विषय काढू नकोस." एका अनोळखी माणसासमोर निखिल ते पहिल्यांदा बोलेल आणि आपण बाजूला बसून ऐकत राहू, याची तिला धास्ती होती. टूथब्रश वगैरे सगळं वरवरचं.

पुढच्या सेशनला दोघं आले. निखिल बोलला, अडखळत, बराच वेळ. मुग्धानं एकच विचारलं, "मला हाक मारताना कधी तिचं नाव तोंडात येतं का रे?" तो म्हणाला, "नाही. पण आपलं वाजलं की वाटतं, परत तेच होणार. म्हणून मी गप्प बसतो." लॅपटॉप का उघडला जातो ते तिला त्या दिवशी कळलं. माझ्या मते त्यांची इंटरव्ह्यूची खरी तयारी तिथे झाली.

प्रत्यक्षात काय झालं? खरं बोलण्याची शपथ, उजवा हात वर करून. पासपोर्ट, मूळ विवाह प्रमाणपत्र, घरभाड्याचा दोघांच्या नावाचा करार, जॉइंट खातं, फोटो. मग अर्जातले हो-नाहीचे प्रश्न, कधी अटक झाली होती का वगैरे. पहिल्या भेटीबद्दल उत्तरं जुळली नाहीत! तिनं व्हिडिओ कॉल धरला, त्यानं समोरासमोरची भेट. अधिकाऱ्यानं विचारलं, दोघांनी खुलासा केला, विषय संपला. घटस्फोटाबद्दल विचारलं तेव्हा मुग्धा शांत होती.

दर वेळी इतकं सरळ होत नाही. संशय आला तर दोघांना वेगळं बसवून तेच प्रश्न विचारतात. खोट्या लग्नाला तिथे ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, त्यामुळे खोदून विचारणारच. नोकरीमुळे वेगवेगळ्या शहरांत राहत असाल तर तसंच सांगा, एकत्र राहत असल्याचं दाखवू नका. कायद्याची शंका असेल तर वकिलाकडे जा. तोही सोबत बसू शकतो. आणि मंजुरीच्या दिवशी लग्नाला २ वर्षं झाली नसतील तर कार्ड २ वर्षांचंच मिळतं. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून पुढच्या कायम कार्डासाठीचा अर्ज, आय-७५१, भरायचा असतो, तेव्हा भाड्याचे करार नि टॅक्सचे कागद टाकून देऊ नका.

काही जणींची भीती मात्र वेगळी असते. "नीट वागली नाहीस तर तुझा अर्ज मागे घेईन," असं घरात ऐकावं लागत असेल, मारहाण होत असेल, तर जोडप्यानं घेतलेल्या वकिलाकडे न जाता स्वतःचा वकील एकटीनं गाठा. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जोडीदाराकडून छळ होत असेल तर 'वावा' (VAWA) या महिलांवरील हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याखाली ग्रीन कार्डासाठी स्वतःचा अर्ज स्वतः करता येतो. तो जोडीदाराला कळवावा लागत नाही, आणि पुरुषांनाही करता येतो.