पोटदुखी फक्त मॅचच्या दिवशी

‘मुलगा फुटबॉल सोडतो म्हणतो. सोडू द्यावा, की रेटून खेळायला लावावं?’ फोंड्याकडचे एक आईवडील हा प्रश्न घेऊन आले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलगा तेरा वर्षांचा, शाळेचा आणि एका क्लबचा गोली. मॅचच्या सकाळी त्याच्या पोटात मुरडा येई. बालरोगतज्ज्ञांनी तपासलं, सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. ‘नाटकं आहेत सगळी,’ वडिलांचं निदान तयार होतं.

मुलाशी एकट्याने बोलताना मी फुटबॉलचा विषयच काढला नाही. संध्याकाळी काय करतोस, एवढंच विचारलं. ‘शेतात खेळतो.’ भात कापून झालं की आपल्या गावागावांत शेताचंच मैदान होतं. बांबू रोवले की झाला गोलपोस्ट. हा तिथे काळोख पडेपर्यंत असतो, आई हाका मारून थकते. आणि तिथेही गोलीच असतो! म्हणजे खेळाचा कंटाळा आलेला नव्हता. सोडू द्यावं का, हे विचारण्याआधी पालकांनी एवढं बघावं: कुणी बघत नसताना मूल खेळतं का?

‘मग मॅचमध्ये काय होतं?’

बराच वेळ गप्प. मग म्हणाला, ‘टीचर, पप्पा गोलच्या पाठीमागे उभे राहतात.’

कॉर्नरचा बॉल हवेत असताना पुढे झेपावायचं की रेषेवर थांबायचं, हे गोलीला क्षणात ठरवावं लागतं. कोचने शिकवलेलं, समोर गर्दी असली तर थांब. पाठीमागून पप्पांचा आवाज, ‘अरे, बाहेर ये!’ हा दोन पावलं पुढे जाई, मध्येच थबके, आणि बॉल डोक्यावरून आत. मग घरी जाताना गाडीत त्या गोलाची चिरफाड. ‘पप्पा ओरडत नाहीत हां, समजावूनच सांगतात. घर येईपर्यंत.’

वडील स्वतः गावच्या संघातून खेळलेले. दहावीच्या वर्षी त्यांच्या वडिलांनी खेळ बंद केला, तो कायमचाच. बोलताना ब्रह्मानंद शंखवाळकरांचं नाव दोनदा आलं: गोव्याचा गोली, भारताकडून खेळला, १९९७ चा अर्जुन पुरस्कार मिळवला. शिवाय गोवा बोर्डात दहावीला खेळाचे मार्क मिळतात, तोही हिशेब होता. मला या माणसाचा राग आला नाही. मुलाच्या प्रॅक्टिससाठी कामावरून लवकर निघणारा बाप किती जणांच्या वाट्याला येतो?

कोचनाही बोलावलं. त्यांच्या हे कधीच लक्षात आलं होतं, पण एकाच गावात राहायचं, तर बोलणार कसं! शेवटी ठरलं ते असं. कसं खेळायचं हे फक्त कोच सांगणार. वडील सेंटर लाइनजवळ, प्रेक्षकांत उभे राहणार. गाडीत मॅचचा विषय मुलाने काढला तरच. आणि सोडायचं की नाही, हे सीझन संपल्यावर मुलगा ठरवणार; हरल्याच्या संध्याकाळी असले निर्णय घ्यायचे नाहीत. कोच मारत असेल, सगळ्यांसमोर पाणउतारा करत असेल, मुलाची झोप किंवा जेवण उडालं असेल, तर मात्र सीझनची वाट बघत बसू नये. इथे तसं काही नव्हतं.

पहिल्या मॅचनंतर वडिलांचा फोन आला, ‘मॅडम, जीभ चावून गाडी चालवली.’ पुढे एकदा मुलानेच विचारलं, ‘पप्पा, दुसऱ्या गोलला मी बाहेर यायला हवं होतं का?’ त्यांनी उत्तर दिलं, ‘सरांना विचार.’ एवढं कडक पथ्य मी सांगितलं नव्हतं. मुलाने आपणहून विचारलं तर बापाने मत द्यावं, त्यात वावगं काहीच नाही.

मुरडा अजून येतो, मोठ्या मॅचच्या आधी. शिट्टी वाजली की जातो, म्हणून मी त्याच्या मागे लागलेले नाही.

सीझन संपल्यावर मुलाने क्लब धरून ठेवला आणि शाळेचा संघ सोडला. दोन्हीकडच्या मॅच झेपत नाहीत म्हणाला. वडिलांना ते पटलेलं नाही. खेळाच्या मार्कांचं काय करायचं, हे विचारायला ते पुढच्या आठवड्यात येणार आहेत.