माथेरानला आजी-आजोबांना नेताय? आधी दस्तुरीच्या पुढचं ठरवा

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. पाच वर्षांची मुलगी, सत्तरी ओलांडलेले सासू-सासरे, त्यात सासूबाईंचे गुडघे दुखतात, जूनअखेर तीन रात्री माथेरान, आणि प्रश्न काय, तर 'हॉटेल कुठलं घेऊ आणि पॉइंट कोणते बघू?' डिसेंबर २०१८मध्ये मीही हेच दोन प्रश्न घेऊन बसले होते. पॉइंट तिथं कुणीही दाखवेल. तुमचा खरा प्रश्न दस्तुरी नाक्यापासून खोलीच्या दारापर्यंतचा आहे.

गाडी दस्तुरीला लावायची, पुढे वाहनबंदी, हे तुम्हाला ठाऊक असणार. मलाही ठाऊक होतं. म्हणूनच आम्ही ज्या बुकिंग ऑफिसमधून हॉटेल घेतलं (नाव लिहीत नाही, आता त्यात अर्थ नाही), तिथं मी दोनदा विचारलं की सासूबाईंना फार चालवत नाही, सोय काय? "मॅडम, आमचा माणूस हातरिक्षा घेऊन दस्तुरीला उभा असेल, काळजीच करू नका." मी हे लेखी घेतलं नाही. थेट हॉटेलला फोन करून खात्रीही केली नाही. आमच्या सहलीचं मातेरं झालं ते या एका चुकीमुळे.

दस्तुरीला माणूस नव्हता. ऑफिसला फोन लावला तर "हॉटेलशी बोला". हॉटेल म्हणालं, "आमच्याकडे फक्त खोलीचं बुकिंग आहे, पिकअप त्यात नाही." परत ऑफिस, तर "संबंधित व्यक्ती आज सुट्टीवर आहे". असं तास-दीड तास. सासूबाई पार्किंगच्या कडेला सूटकेसवर बसून. तेवढ्यात पार्किंगमधल्या एकानं सांगितलं की शटल (अमन लॉज ते माथेरान जाणारी छोटी आगगाडी) आज बंद आहे, घोड्याशिवाय पर्याय नाही. अमन लॉज स्टेशन तिथून चालत काही मिनिटांवर. मी जाऊन नुसतं बघून आले असते तर कळलं असतं की शटल व्यवस्थित चालू होती. नाही गेले.

सासूबाई आयुष्यात पहिल्यांदा घोड्यावर बसल्या. खोगिराची पुढची कडी दोन्ही हातांनी इतकी घट्ट धरली होती की बोटांची पेरं पांढरी पडली होती. बाजारापर्यंत अडीच-तीन किलोमीटर, आणि आमचं हॉटेल त्याच्याही पुढे वीस मिनिटं. पोचल्यावर त्यांना उतरताच येईना. दोघांनी धरून उतरवलं. संध्याकाळपर्यंत गुडघा सुजला आणि तिन्ही दिवस त्यांनी खोलीत काढले. १९७४ साली लग्नानंतर त्या माझ्या सासऱ्यांबरोबर नेरळहून छोट्या आगगाडीनं माथेरानला आल्या होत्या. त्यांना फक्त शार्लोट तलाव पुन्हा बघायचा होता. तेवढंच मागितलं होतं त्यांनी, आणि तेवढंच झालं नाही. मुलं लुईझा पॉइंटचे फोटो दाखवायची, त्या "छान, छान" म्हणायच्या. अजून आठवलं की वाईट वाटतं.

सगळे घोडेवाले फसवतात असं मला अजिबात म्हणायचं नाही. मुलांना फिरवणारा घोडेवाला फार काळजी घेणारा होता. पर्यटकांच्या फसवणुकीविरुद्ध मार्च २०२५मध्ये तर गावकऱ्यांनीच माथेरान बंद ठेवलं होतं. पण शटल आहे की नाही हे तिकीटखिडकीवरच विचारा, पार्किंगमध्ये भेटणाऱ्याला नको.

आता तुमच्यासाठी. हॉटेलला थेट फोन करा, मधलं ऑफिस असलं तरीही. 'स्टेशनपासून किती लांब' असं मोघम विचारू नका, कारण अमन लॉजही स्टेशन आणि माथेरानही स्टेशन. माथेरान स्टेशनपासून पायी किती मिनिटं, वाटेत चढ किती, खोली तळमजल्यावर आहे का, पायऱ्या किती, कमोड आहे का, एवढं विचारा आणि उत्तरं व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. दरीचा देखावा वगैरे सोडा, ज्येष्ठ बरोबर असतील तर बाजाराजवळचंच हॉटेल घ्या. हे माझं मत. बाजारात गोंगाट असतो म्हणून बरेच जण उलट सांगतील.

दुसरं, जूनअखेर नकोच. माथेरान वर्षभर चालू असतं हे खरं, पण नेरळहून येणारी छोटी आगगाडी पावसाळ्यात बंद ठेवतात, चालते ती फक्त अमन लॉज ते माथेरान शटल. लाल जांभ्याच्या वाटा निसरड्या होतात आणि धुक्यात बहुतेक पॉइंटवरून पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नाही. तरुण असाल तर जरूर जा, पावसातलं माथेरान मलाही आवडतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला नेऊ नका. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा काळ बरा, शनिवार-रविवार सोडून.

नेरळची गाडी १९०७पासूनची आहे, मुलीला फार आवडेल. पण अडीच तासांहून जास्त बसावं लागतं, डबे अरुंद, आणि आम्ही चौकशी केली तेव्हा तिकीट नेरळच्या खिडकीवरच, गाडीच्या थोडं आधी मिळत होतं. सासू-सासऱ्यांना त्या रांगेत उभं करू नका. नेरळहून टॅक्सीनं दस्तुरी आणि पुढे शटल, हे त्यांना झेपेल.

आम्ही जानेवारी २०२३मध्ये परत गेलो, याच पद्धतीनं. शटलमध्ये खिडकीची जागा मिळाली, हॉटेल स्टेशनपासून पाच मिनिटांवर. तलावाला जायला हातरिक्षा केली. एक जण पुढून ओढतोय, दोघं मागून ढकलतायत. प्रत्येक चढाला सासूबाई "थांबा रे, दम खा" म्हणायच्या आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी त्यांना द्यायच्या. ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं, ते योग्यच झालं. पण म्हणून तुम्ही त्या धरून चालू नका. ई-रिक्षा तुमच्या तारखेला कुठून कुठपर्यंत आहेत, हे हॉटेलला विचारून घ्या. नियम बदलत असतात, माझं सांगणं शेवटचं समजू नका.

जाता जाता: माकडं हातातली पिशवी ओढतात, खाऊ सॅकमध्ये ठेवा. पांढरे कपडे नकोत, लाल माती निघत नाही. सासूबाईंची औषधं दोन दिवसांची जास्त घ्या, रोख पैसेही.

त्या जानेवारीत तलावावर माझ्या सासूबाई अर्धा तास काठावर बसल्या होत्या. सासरे २०२१मध्ये गेले. २०१८ला ते बरोबर होते.