पापणीवरची लाल गाठ आणि मानेतली सुपारी

प्रश्न : मुलगी अडीच महिन्यांची, वजन पाच किलो. दहाव्या दिवशी डाव्या पापणीवर डास चावल्यासारखा ठिपका दिसला, आता तो बोराएवढा फुगलाय. सासूबाई म्हणतात ग्रहणाची खूण आहे, हात लावू नका. डॉक्टर म्हणाले, कॅन्सर नाही, आपोआप जाईल. आणि तरी ब्लड प्रेशरची गोळी लिहून दिली. आपोआप जाणार तर औषध कशाला?
– एक आई, चिपळूण

उत्तर : डॉक्टरांचं दोन्ही बरोबर आहे. ही रक्तवाहिन्यांची साधी गाठ, हिमँजिओमा. ग्रहणाशी तिचं काही नातं नाही. मुलींमध्ये आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये ती जास्त दिसते. पाचव्या ते सातव्या आठवड्यात ती सर्वांत झपाट्याने वाढते, पाचव्या महिन्यापर्यंत बहुतेक वाढ उरकते. वर्षानंतर लाली राखाडी पडू लागते आणि चौथ्या वर्षापर्यंत गाठ बरीचशी विरते. ती दंडावर असती तर शेजारी पट्टी धरून दर महिन्याला फोटो काढा, एवढंच सांगितलं असतं.

पापणीवर मात्र थांबणं महागात पडतं. गाठीच्या भाराने बुबुळाचा आकार बदलतो किंवा पापणी खाली येऊन बाहुली झाकते. त्या डोळ्याकडून नीट चित्र येत नाही म्हणून मेंदू त्याचा वापरच सोडतो. पुढे गाठ विरली तरी नजर अधू राहू शकते. म्हणून नेत्रतज्ज्ञांची तपासणी याच आठवड्यात करून घ्या.

गोळी म्हणजे प्रोप्रॅनोलॉल. फ्रान्समधल्या बोर्दो इथे एका बाळाला ती हृदयासाठी दिली होती आणि त्याची अशीच गाठ मावळू लागली. 2008 साली हे प्रसिद्ध झालं. तेव्हापासून या गाठीसाठी आधी दिलं जाणारं स्टेरॉइड मागे पडलं. सहसा दिवसाला किलोमागे 1 मिलिग्रॅमपासून सुरुवात करून 2 ते 3 मिलिग्रॅमपर्यंत नेतात, दोन किंवा तीन वेळांत वाटून. तुमच्या बाळाचा आकडा डॉक्टरच ठरवतील. वजन वाढलं की तो बदलून घ्यायचा. औषध निदान सहा महिने चालतं.

घोळ होतो तो बहुधा घरी. पाण्यात चुरलेल्या गोळीचा गाळ तळाशी बसतो आणि न हलवता घेतलं तर कधी कमी, कधी जास्त औषध पोटात जातं. मिलिग्रॅम आणि मिलिलिटर यांची गल्लतही नेहमीची. किती मिलिलिटर, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. चमच्याने नको, सिरिंजने मोजा. औषध दूध पिताना किंवा लगेच नंतरच द्यायचं. बाळ पीत नसेल, उलट्या होत असतील किंवा छातीत घरघर असेल, तर तो डोस देऊ नका आणि डॉक्टरांना फोन करा. उलटीत औषध पडलं म्हणून पुन्हा देऊ नका. उपाशीपोटी साखर उतरते, हा यातला खरा धोका. या वयात रात्रीही पाच तासांपेक्षा जास्त खंड नको. बाळ घामेजलं, थरथरलं, मलूल झालं तर लगेच पाजा आणि दवाखाना गाठा.

अंगावर अशा पाच किंवा जास्त गाठी दिसल्या तर यकृताची सोनोग्राफी करतात. तेव्हा एकदा बाळाला उघडं करून डोक्यापासून तळव्यांपर्यंत पाहून घ्या, लंगोटाखालीही.

प्रश्न : बाळ पाच आठवड्यांचं. मानेत उजवीकडे सुपारीसारखी टणक गाठ लागते, मान त्याच बाजूला कलते.
– एक वाचक, बार्शी

उत्तर : हा बहुधा मानेच्या स्नायूतला तंतुमय फुगवटा. दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात तो हाताला लागतो आणि काही महिन्यांत विरतो. खात्रीला सोनोग्राफी पुरते. व्यायाम मात्र लगेच सुरू करायचा, फिजिओथेरपिस्टकडे हात बसवून घेऊनच: डावा कान डाव्या खांद्याकडे, मग हनुवटी उजव्या खांद्याकडे. हळूच, झटका न देता. बाळ कळवळलं की सोडायचं. खुळखुळा उजवीकडे वाजवा, म्हणजे ते आपणहून तिकडे वळेल. चोळून गाठ जिरवायचा प्रयत्न करू नका. गाठ स्नायूबाहेर असेल किंवा वाढतच राहिली, तर बालशल्यचिकित्सकांना दाखवा.