५ × २.५ फुटांच्या टेबलावर मॉडेल रेल्वेचा लेआउट कसा बसवावा?

तुमचं टेबल ५ बाय २.५ फूट आहे आणि त्यावर एचओ (खऱ्या रेल्वेच्या १/८७ मापाचा) सेट, स्टेशन, बोगदा आणि एका रुळावरून दुसरा रूळ नेणारा पूल, हे सगळं तुम्हाला हवंय. सेट अजून घेतला नसेल तर थांबा. या टेबलासाठी एचओ नको, त्याहून लहान एन स्केल (१/१६० माप) घ्या.

अडचण रुंदीची आहे. गाडी परत फिरवायची तर अख्खं अर्धवर्तुळ लागतं आणि तुमच्याकडे रुंदी आहे ७६२ मिमी. एचओमध्ये (१:८७) सर्रास मिळणारं वळण १८ इंच त्रिज्येचं, म्हणजे व्यास ९१४ मिमी. विषयच संपला. हॉर्नबी कंपनीचं पहिल्या त्रिज्येचं, म्हणजे सगळ्यात लहान वळण ३७१ मिमीचं, व्यास ७४२. आकड्यात बसतं, पण दोन्ही बाजूंना एकेकच सेंटिमीटर उरतो आणि रुळाखालच्या स्लीपरची टोकं टेबलाबाहेर येतात. शिवाय आपल्या रेल्वेचा आयसीएफ प्रकारचा प्रवासी डबा एचओमध्ये साधारण २४५ मिमी लांब होतो. तो एवढ्या तीव्र वळणावर बघवत नाही.

एनमध्ये (१:१६०) तोच डबा १३३ मिमीचा होतो. काटो युनिट्रॅकची (काटो कंपनीचे एकमेकांत बसणारे तयार रूळ) २८२ मिमी त्रिज्येची वळणं घ्या, ४५ अंशांचे आठ तुकडे. मध्ये दोन्ही बाजूंना २४८ मिमीचे तीन-तीन सरळ रूळ. रुळांच्या मध्यापासून मोजलं तर हा ओव्हल १३०८ × ५६४ मिमी होतो. बाहेरून ३१५ त्रिज्येचा दुसरा ओव्हलही बसतो: १३७४ × ६३०, आणि तरी कडेला साडेसहा सेंटिमीटर उरतात.

पण मला विचाराल तर दुसरा रूळ टाकू नका. एकच रूळ ठेवा आणि अख्खा ओव्हल टेबलाच्या कडेशी पाचेक अंश तिरका करा. रुंदी तेवढीच, ६३० च्या आसपास जाते, आणि गाडी टेबलाच्या कडेला समांतर पळायची थांबते. एवढ्याशा फरकाने ते खेळणं न राहता खरोखर कुठून तरी कुठे तरी जाणारी लाइन वाटायला लागते. या छंदातली ही माझी सगळ्यात आवडती युक्ती आहे.

स्टेशनाचं गणित मात्र नीट करा. सहा नंबरचा सांधा (गाडी बाजूच्या रुळावर वळवणारा तुकडा) १८६ मिमी, आणि बाजूची लाइन परत समांतर करणारं वळण तेवढंच. दोन्ही टोकांना सांधे असलेली लूप लाइन टाकलीत तर ७४४ मिमीची सरळ बाजू त्यातच खर्ची पडते, गाडी उभी करायला जागाच राहत नाही. म्हणून एकच सांधा आणि एक बंद सायडिंग, म्हणजे पुढे संपणारी बाजूची लाइन. त्यात ३७२ मिमी सरळ लांबी मिळते, एक इंजिन आणि तीन बॉक्सएन (उघड्या मालाच्या) वाघिणी आरामात मावतात. मालधक्का करा, शंटिंग करता येईल. नुसत्या गोल फिरणाऱ्या गाडीला मुलं लवकर कंटाळतात, शंटिंगला नाही.

पुलाचा नाद सोडा. खालून गाडी जायला साधारण ५० मिमी उंची लागते. चढ ३ टक्क्यांच्या वर नेऊ नये, म्हणजे नुसतं वर चढायलाच १.६७ मीटर रूळ लागेल आणि उतरायला तेवढाच. मिळून ३.३४ मीटर, आणि तुमचा अख्खा ओव्हलच ३.२६ मीटरचा आहे.

खरेदीआधी खाकी कागद टेबलभर पसरा, खिळा-दोरी-पेन्सिलने वळणं खऱ्या मापात काढा. मग पुठ्ठ्याची १३३ मिमी लांब पट्टी कापून त्या रेषेवरून सरकवा. पट्टीची टोकं बाहेर आणि मध्य आत किती जातो तिथे खुणा करा. सिग्नल, फलाटाची कड, बोगद्याची भिंत, सगळं त्या खुणांच्या पलीकडे. एक्सट्रॅककॅड हे लेआउट आखायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते नंतर वापरा; अंदाज कागदावरच येतो. पुण्यात असाल तर कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम जरूर बघा, आणि तिथे वळणावर डबे कसे झुकतात-सरकतात ते जवळून पाहा.

बोगदा मागच्या वळणावर घ्या, पण त्याची मागची बाजू उघडी ठेवा, पूर्ण हात आत जाईल एवढी. गाडी घसरली तर बहुधा तिथेच घसरते, कारण रुळांचे जोड वळणावरच जास्त असतात.